उंदीर, मेंदू आणि ऑटिझम: गावातून आलेले प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातली. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत पाच वर्षं उंदरांच्या मेंदूवर काम केलं, आता तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बहिणीचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे मराठी पुस्तकांत ज्याला स्वमग्नता म्हणतात तो. ही दोन कारणं मिळून लोक मला अंगणवाडीच्या ओट्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत गाठून प्रश्न विचारतात. तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. वऱ्हाडीत आलेला प्रश्न वऱ्हाडीतच ठेवला आहे.

उंदराले ऑटिझम होते काय?

नाही होत. ऑटिझम ओळखतात तो मुलाच्या बोलण्यावरून, खेळण्यावरून, नजर देण्या-न देण्यावरून, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यावरून. त्याची रक्ततपासणी नाही. उंदराला भाषा नाही, भातुकली नाही, तर त्याला ऑटिझम आहे हे ठरवणार कसं?

आम्ही करतो ते एवढंच. जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं याची आईबापांकडून आलेली सूचना. काही ऑटिस्टिक मुलांमध्ये एखाद्या जनुकात बिघाड सापडतो. तोच बिघाड उंदराच्या त्याच जनुकात मुद्दाम करायचा आणि मेंदूत काय काय बदलतं ते बघायचं. अशा उंदराला ‘मॉडेल’ म्हणतात. ते त्या जनुकाचं मॉडेल असतं, तुमच्या मुलाचं नसतं. पेपरात ‘उंदरांचा ऑटिझम बरा केला’ असं छापून आलं, तर मनातल्या मनात असं वाचा: एका जनुकात बिघाड केलेल्या उंदरांच्या दोन-तीन सवयी बदलल्या.

मंग उंदीरच काऊन? माणसाचाच मेंदू पाहा ना.

पाहतात. एमआरआयने पाहतात, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूतही पाहतात. पण एमआरआयला मेंदूचा आकार आणि रक्ताचा प्रवाह दिसतो. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात आणि तिथली फट असते साधारण २० नॅनोमीटरची. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक. जिवंत लेकराच्या डोक्यात तिथवर पोचायची सोय नाही.

उंदराच्या बाबतीत ती आहे. उंदराच्या सगळ्या जनुकांचा आराखडा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या सुमारे ९९ टक्के जनुकांचा जोडीदार माणसात सापडतो असं दिसलं. उंदरीण वीसेक दिवसांत विते, पिलं सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात. जूनमध्ये तूर पेरली आणि घरी आणली, तेवढ्यात उंदरांच्या दोन पिढ्या होतात. उंदराचं नेमकं एकच जनुक बंद करण्याची रीत १९८९ पासून हाताशी आहे. ती बसवणाऱ्या मारियो कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं.

आता फरकही ऐका. उंदराचा मेंदू सुमारे ०.४ ग्रॅम, म्हणजे तुरीच्या चार दाण्यांएवढा. त्यात ७ कोटींच्या आसपास चेतापेशी. माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा, चेतापेशी सुमारे ८६०० कोटी. तुरीच्या चार दाण्यांकडून किती अपेक्षा ठेवायची, याचं भान आमच्यातल्या सगळ्यांनाच असतं असं नाही.

आईच्या दुर्लक्षामुळे होतो ना हा आजार?

हा प्रश्न एका सासूबाईंनी सुनेच्या देखत विचारला होता. सून खाली मान घालून भाकरी थापत होती. म्हणून याचं उत्तर जरा लांबवते.

असं म्हणणाऱ्या सासूबाई काही पहिल्या नाहीत. १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर या डॉक्टरने अकरा मुलांचं वर्णन लिहिलं, तिथून ऑटिझम हा वेगळा प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला. मुलं जन्मतःच अशी असावीत, असं कॅनरने लिहिलं होतं. पण आईबाप थंड स्वभावाचे वाटतात, असंही एक वाक्य टाकून ठेवलं. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी तो धागा पकडून आयांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. बर्फासारख्या थंड आया, म्हणून मुलं अशी. शिकलेसवरलेले डॉक्टर वीसेक वर्षं हेच सांगत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी हे खोडून काढायला घेतलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता.

मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. दिसायला हुबेहूब, म्हणजे जनुकंही सारखीच असलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असं एकदाही दिसलं नाही. घर तेच, आई तीच, फरक फक्त जनुकांच्या सारखेपणाचा. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा ऑटिझममधला सुमारे ८० टक्के वाटा जनुकांचा निघाला.

आणि आता माझ्या पिंजऱ्यातला पुरावा. एका जनुकात बिघाड असलेला नर आणि साधी मादी यांचं जोडपं लावलं की सात-आठ पिलं होतात. साधारण निम्म्यांत बिघाड उतरतो, निम्म्यांत नाही. पिंजरा एक, भुसा एक, खाणं एक, दूध एकाच आईचं. ती सगळ्यांना सारखंच चाटते, सारखीच कुशीत घेते. तीन आठवड्यांनी पिलं वेगळी करताना शेपटीचा किंवा कानाचा इवलासा तुकडा घेऊन तपासणी केली, तरच कोणतं कोणतं ते कळतं. महिन्या-दोन महिन्यांनी वागणुकीच्या चाचण्या केल्या की बिघाडवाली भावंडं बाजूला पडतात. त्या उंदरीणीला कुणी काय म्हणायचं?

एक राहिलंच. जनुकांमुळे होतो म्हटलं की लगेच ‘कुणाच्या खानदानातून आलं’ हे सुरू होतं. ऑटिझमशी जोडलेले कितीतरी बिघाड आईतही नसतात आणि बापातही नसतात. बीज तयार होताना ते नव्याने घडतात. आणि असे नवे बिघाड बापाच्या बाजूने जास्त येतात, वय वाढेल तसे आणखी. हे मी त्या दिवशी सासूबाईंना सांगितलं. त्या उठून म्हशीला पेंड घालायला गेल्या.

पण नेमकं बिघडतं काय मेंदूत?

सगळ्यांत एकच गोष्ट बिघडत नाही, ही खरी अडचण. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात ३५ हजारांवर लोकांची जनुकं वाचली, त्यात बारा हजारांच्या आसपास ऑटिस्टिक होते. ऑटिझमशी संबंध असलेली १०२ जनुकं निघाली. मात्र त्यातली बरीचशी दोन कामांकडे बोट दाखवतात. काही इतर जनुकांची चालू-बंद बटणं सांभाळतात, काही सिनॅप्स उभा करतात.

सिनॅप्सचं सांगते, कारण माझे दिवस तिथेच गेले. २००३ मध्ये फ्रान्समधल्या तोमा बूर्जरों यांच्या गटाला स्वीडनमधल्या काही ऑटिस्टिक भावांमध्ये न्यूरोलिजिन नावाच्या जनुकात बिघाड सापडला. न्यूरोलिजिन म्हणजे सिनॅप्सच्या दोन काठांना धरून ठेवणारी कडी. २००७ मध्ये टोमास स्यूडहॉफ यांच्या गटाने त्यातलाच एक बिघाड उंदरात केला. त्याच वर्षी शँक3 हे दुसरं जनुक पुढे आलं. शँक3 कडी धरत नाही, ते मांडवाच्या मेढीसारखं काम करतं. निरोप घेणाऱ्या काठाखाली उभं राहून वरचा सगळा पसारा तोलतं. मेढ काढली तर मांडव लगेच पडत नाही, पण झोळ येतो आणि पावसाचं पाणी भलत्याच जागी साचतं.

२०११ मध्ये गुओपिंग फेंग यांच्या गटाने शँक3 बंद केलेले उंदीर तयार केले. ते स्वतःचं अंग इतकं खाजवत, इतकं चाटत की कातडी सोलून निघे. दुसऱ्या उंदरांशी लगट कमी. मेंदूत शोधलं तर स्ट्रायटम या भागातले सिनॅप्स कमजोर निघाले. सवयी आणि हालचाली तिथून चालतात. ऑटिस्टिक मुलांपैकी शंभरात जेमतेम एकात शँक3 चा बिघाड असतो. तरी एक जनुक, मेंदूतली एक जागा आणि एक सवय अशी सलग साखळी त्या उंदरांमुळे दिसली, म्हणून त्यांचं एवढं नाव.

दुसरी गोष्ट कासऱ्याची. मेंदूत काही पेशी पुढच्या पेशीला ‘चल’ म्हणतात, काही ‘थांब’ म्हणतात. बैल हाकायचा आणि कासराही ओढायचा, दोन्ही जमलं तर तास सरळ येतं. ऑटिझमच्या बऱ्याच मॉडेल उंदरांत हा मेळ चुकलेला दिसतो, कुणात हाकणं जास्त, कुणात ओढणं जास्त. हे मला भाच्याकडे बघून पटतं. अंगणात मळणीयंत्र सुरू झालं की तो दोन्ही कानांवर तळवे दाबून तुरीच्या पोत्यांमागे जाऊन बसतो. यंत्र बंद होऊन अर्धा तास झाला तरी हात काढत नाही. आम्हाला तो आवाज दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो, त्याला होत नाही. फ्रॅजाइल एक्स हा एका जनुकाच्या बिघाडाने होणारा, ऑटिझमशी जोडलेला आजार. त्याचं मॉडेल असलेल्या उंदरांतही मेंदूचा आवाज ऐकणारा भाग असाच गरजेपेक्षा जास्त पेटतो.

तिसरं, छाटणीचं. तुरीचे शेंडे खुडतो तसं लहानपणी मेंदू स्वतःचेच जादा सिनॅप्स काढून टाकतो. २०१४ मध्ये अमेरिकेत दान मिळालेल्या काही ऑटिस्टिक मेंदूंत ही छाटणी कमी झालेली दिसली. पेशीची वाढ सांभाळणाऱ्या एमटीओआर या यंत्रणेचा अतिरेक असलेल्या उंदरांतही पेशीची सफाई मंदावून तसंच झालेलं आढळलं.

उंदीर एकलकोंडा हाये हे तुमाले कसं समजते?

तीन खोल्यांची पारदर्शक पेटी असते, मध्ये सरकती दारं. एका कडेच्या खोलीत जाळीच्या पालथ्या डब्याखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या कडेला तसाच डबा, पण रिकामा. आपला उंदीर मधल्या खोलीत सोडायचा, दारं उघडायची, दहा मिनिटं मोजायचं. साधा उंदीर अनोळखी पाहुण्याकडे जास्त वेळ घालवतो, जाळीतून नाक घालून हुंगतो. मॉडेलमधला उंदीर पुष्कळदा रिकाम्या डब्याजवळही तेवढाच रमतो. जॅकलिन क्रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास ही पद्धत बसवली, आता ती जगभर चालते.

ऐकायला सोपं वाटतं. मंद लाल दिव्यात बसायचं, कारण उंदीर निशाचर आणि लाल उजेड त्याला जवळपास दिसत नाही. प्रत्येक उंदरानंतर पेटी ७० टक्के अल्कोहोलने पुसायची, नाहीतर पुढचा उंदीर पाहुणा सोडून आधीच्याच्या मुताचा वास घेत बसतो. मोजणाऱ्याला कोणता उंदीर बिघाडाचा हे माहीत नसावं, नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं. एकदा मी दिवाळीहून परत गेले, अंगाला उटण्याचा वास. दिवसभराचे सगळे आकडे वेडेवाकडे आले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ते पान फाडायला लावलं नाही, त्यावर ‘उटणं’ असं लिहून ठेवायला लावलं. नुसत्या पुरुषाच्या अंगाच्या वासानेही उंदरांचा ताण वाढतो, हे २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. तेव्हा उटण्याचं नवल नको.

आणखी एक फसगत. उंदराचं जग वासाचं. नाक गेलेला उंदीरही पाहुण्याकडे फिरकत नाही. म्हणून आधी भुशाखाली बिस्किटाचा तुकडा पुरून तो किती वेळात शोधतो ते बघतात. त्यात पास झाला तरच पुढचं.

उंदीर एकमेकांशी बोलतात का?

बोलतात, आपल्याला ऐकू येत नाही. आपला कान २० हजार हर्ट्झच्या वर बहिरा. आईपासून दूर केलेलं पिलू त्याच्या दुप्पट-तिप्पट पट्टीत ओरडतं आणि आई त्याला तोंडात धरून परत आणते. खास माइकने ते ओरडणं पकडतात. काही मॉडेल पिलं कमी ओरडतात, काही वेगळ्या चालीत. याला ‘बोलायला उशीर’ म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

उंदीर बरे झाले म्हणतात. मग आमच्या मुलांना औषध कधी?

मला सगळ्यात जड जाणारा प्रश्न हाच.

आधी चांगलं सांगते. रेट सिंड्रोम नावाचा आजार मुख्यतः मुलींना होतो. वर्ष-दीड वर्षाची, बोलायला लागलेली मुलगी हळूहळू सगळं विसरते, हात एकसारखे चोळत राहते. १९९९ मध्ये हुडा झोगबी यांच्या गटाने त्यामागचं जनुक शोधलं, एमईसीपी2. २००७ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने स्कॉटलंडमध्ये असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात हे जनुक बंद आहे, पण पुढे हवं तेव्हा चालू करता येईल. उंदीर आजारी पडू दिले, काही मरायला टेकले आणि मग जनुक चालू केलं. उंदीर सुधारले. चेतापेशी मेलेल्या नव्हत्या, अडून बसल्या होत्या. तोवर सगळे समजत होते की मेंदू एकदा चुकीचा घडला की घडला.

२०१६ मध्ये शँक3 च्या उंदरांतही तसंच करून पाहिलं. मोठ्या उंदरात जनुक चालू केल्यावर खाजवणं थांबलं, दुसऱ्यांशी लगट वाढली. भित्रेपणा आणि चालण्यातला बेतालपणा मात्र राहिला. लहान वयात चालू केलं तर त्यातही फरक पडला. पेरणीची वेळ टळली की काही पिकं येतात, काही येत नाहीत, तसंच हे.

आता वाईट. फ्रॅजाइल एक्सचा उंदीर १९९४ पासून आहे. मार्क बेअर यांनी मांडलं की या आजारात सिनॅप्सवर निरोप घेणारी एमग्लूआर5 नावाची एक यंत्रणा जास्त चालते. २००७ मध्ये उंदरात ती निम्म्यावर आणली तर बऱ्याच खोडी जागेवर आल्या. सगळ्यांना वाटलं, सापडलं. औषधं बनली, माणसांवर चाचण्या झाल्या आणि २०१४ पर्यंत मोठ्या चाचण्या गुंडाळाव्या लागल्या, कारण औषध घेणारे आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणारे यांच्यात फरकच दिसेना. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचंही तेच. उंदरांत छान गुण आला, पण २०२१ मध्ये अमेरिकेत २९० मुलांच्या चाचणीत निम्म्यांना नाकावाटे देऊन पाहिलं, तर मिसळण्या-बोलण्यात फरक नाही.

असं का होतं? प्रयोगशाळेतले उंदीर एकमेकांच्या सख्ख्या भावंडांहूनही जास्त सारखे असतात. पिढ्यान्‌पिढ्या नात्यात जोडी लावून तसे केलेले. दोन माणसांची मुलं तशी नसतात. उंदराला औषध दिलं जातं ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात, चाचणीत येतो तो बारा वर्षांचा मुलगा किंवा तीस वर्षांचा माणूस. आणि उंदराने रिकाम्या डब्याजवळ किती सेकंद काढले, यावरून मुलाने आईला हाक मारावी की नाही हे कसं ठरणार? माझं मत विचाराल तर उंदीर कधी खोटं बोलला नाही, आम्हीच त्याला भलताच मोठा प्रश्न विचारला.

आज हातात काय आहे? रेटसाठी ट्रोफिनेटाइड हे औषध मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. रेटच्या जनुकोपचाराच्या, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत देण्याच्या, चाचण्या माणसांवर चालू आहेत. ऑटिझमसाठी म्हणून डॉक्टर रिस्पेरिडोन देतात, ते चिडचिड आणि स्वतःला मारून घेणं कमी करायला. बोलणं आणायला नाही.

नागपूरहून एक माणूस आला होता, स्टेम सेलनं बरं होते मनते. खरं काय?

स्टेम सेल म्हणजे वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी. आमच्या घरी हे घडलं आहे. भाचा चार वर्षांचा असताना एका दवाखान्याने लाखांच्या घरातला खर्च सांगितला आणि भिंतीवर उंदराच्या मेंदूचे रंगीत फोटो दाखवले. बहिणीने दोन एकर गहाण टाकायचं मनात घेतलं होतं. मी फोटो मागवून पाहिले. तो उंदीर ऑटिझमच्या प्रयोगातला नव्हताच, पक्षाघाताच्या प्रयोगातला होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी केलं जाणारं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल ही नेहमीच्या उपचारात देण्याची गोष्ट नाही. द्यायचीच तर मंजुरी असलेल्या चाचणीत, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा समोरच्याने बिल पुढे केलं की उठायचं.

लशीमुळे होते का?

नाही. हे खूळ १९९८ मधल्या अँड्र्यू वेकफिल्डच्या एका लेखातून निघालं. मुलं होती बारा. लेख २०१० मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकाने मागे घेतला, वेकफिल्डचं डॉक्टरकीचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नव्हता. आशाताईंना दारातून परत पाठवू नका.

फवारणीच्या औषधानं?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कुणी विसरलेलं नाही.

कॅलिफोर्नियात झालेल्या अभ्यासांत गरोदरपणी फवारणीच्या शेतांजवळ राहिलेल्या बायांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. गाभण उंदरीणीला क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक दिल्यावर पिलांच्या वागणुकीत बदल दिसल्याचे प्रयोगही आहेत. यावरून ‘अमक्याच्या मुलाला याच डब्यामुळे झालं’ असं म्हणता येत नाही. दोन गोष्टी सोबत दिसणं वेगळं आणि एकीने दुसरी घडवणं वेगळं. पण दिवस गेलेल्या बाईने फवारणीच्या वावरात जाऊ नये, पंपाचे कपडे धुऊ नयेत, औषध झोपायच्या खोलीत ठेवू नये. एवढं सांगायला कोणत्या उंदराच्या साक्षीची गरज नाही.

आणि फिटच्या गोळीनं?

एका गोळीबद्दल पुरावा पक्का आहे, व्हॅल्प्रोएट. डेन्मार्कमध्ये २०१३ च्या अभ्यासात गरोदरपणी ती घेतलेल्या बायांच्या सुमारे ४.४ टक्के मुलांत ऑटिझम निघाला, एकूण मुलांत तो दीड टक्का होता. उंदरांत आणि घुशींएवढ्या मोठ्या पांढऱ्या उंदरांत तर गाभणपणी व्हॅल्प्रोएट देणं हे ऑटिझमचं जुनं मॉडेलच आहे. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका. फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्या.

मोबाईलनं?

मोबाईलमुळे ऑटिझम होतो याला पुरावा नाही. मोबाईल हातात असला की मुलाशी कुणी बोलत नाही, हा तोटा खरा. उंदराला यातलं काही विचारता येत नाही.

हे काम आपल्या देशात कुठं होतं?

हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. बंगळुरूला जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये सिनगॅप1 या जनुकाच्या उंदरांवर काम होतं, त्याच शहरात इनस्टेम आणि एनसीबीएस या संशोधन संस्थांच्या आवारातही फ्रॅजाइल एक्स वगैरेंवर. विदर्भातून तिथे गेलेली पोरं बरीच आहेत. हिवाळ्यात त्यांच्या खोलीवर गेलात तर शेंगदाण्याची चटणी हमखास मिळते.

माझ्या मुलाचं रक्त तपासून बिघडलेलं जनुक शोधून काढता येईल?

येतं. मुलाला फिट येत असतील, शिकलेलं विसरत चाललं असेल, डोक्याचा घेर फार लहान किंवा मोठा असेल, चेहऱ्या-त्वचेवर वेगळ्या खुणा असतील किंवा नात्यात आणखी कुणी असेल, तर डॉक्टर ही तपासणी सांगतात आणि ती करावी. पुष्कळ मुलांत काहीच सापडत नाही. सापडलं तरी बहुधा उपचार बदलत नाही. पण पुढच्या मुलाचा धोका किती ते कळतं, आणि एखाद्या आजाराची चाचणी निघाली तर नाव नोंदवता येतं. हजारो रुपये जातात, म्हणून आधी ‘निकालाने आमच्यासाठी काय बदलेल?’ हे विचारा.

मग आज आम्ही काय करायचं?

वाट पाहू नका. ‘बाप उशिरा बोलला होता, पोरगंही बोलेल’ यात आपल्याकडे दोन-दोन वर्षं जातात. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना दाखवा. ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. आधी कान तपासून घ्या. यवतमाळ, सेवाग्राम आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघतं. त्यावर निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. कागदपत्रांना तीन-चार खेपा होतात, कापूस वेचणीआधी उरकून घ्या.

घरी? भाच्याला बहीण कपाशीच्या सरक्या मोजायला देते. तो त्या ओट्यावर रांगेत मांडतो. मधली एक ती मुद्दाम मुठीत लपवते आणि थांबते. पहिले तीन महिने तो किंचाळायचा. आता मूठ उघडायला लावतो आणि तोंडाकडे बघतो. हे कोणत्याही गोळीने झालेलं नाही.

ते उंदीर मंग मारून टाकता काय? गणपतीचं वाहन ना बाप्पा ते.

हो, आजी. मेंदू बघायचा तर मारावंच लागतं. आधी भूल देतात, मग मेंदू काढून मिलिमीटरचे पंचवीस भाग होतील इतके पातळ काप करतात. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असते. किती उंदीर लागणार, कमीत भागेल का, त्रास कसा कमी कराल, हे आधी लिहून द्यावं लागतं आणि समिती आकडा खाली आणायला लावते. माझा एकदा साठावरून चव्वेचाळीसवर आणला होता.

तुमच्या-माझ्या घरी तुरीच्या पोत्यांमागे उंदीर मारायच्या वड्या ठेवतो, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तिथे प्रत्येकाच्या कानात नंबर असतो आणि तो वहीत उतरवून समोर तारीख घालावी लागते. माझ्या वहीत शेवटचा नंबर ६१२ आहे.